मॅग्नेशियमचं ३:२ नेमकं कुठे उडालं?

नमस्कार. तुमचा आक्षेप असा: बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या शिकवणीत मुलांनी ०.३६ ग्रॅम मॅग्नेशियमची फीत मुशीत (उष्णता सोसणाऱ्या झाकणाच्या वाटीत) जाळली, ऑक्साइड ०.५६ ग्रॅम भरलं. म्हणजे मॅग्नेशियम-ऑक्सिजनचं वजनी प्रमाण पुस्तकातलं ३:२ नव्हे, ९:५. शिवाय पितळेत तांबं-जस्त हवं तसं मिसळता येतं. तेव्हा स्थिर प्रमाणाचा नियम, म्हणजे एका संयुगात मूलद्रव्यांचं वजनी प्रमाण कायम तेच असतं हा, पुस्तकापुरताच!

पितळेचं आधी उरकतो. पितळ संयुग नाही, मिश्रधातू आहे; नियम संयुगांपुरता आहे. मिश्रधातूंचा हाच मुद्दा रसायनशास्त्रज्ञ बर्थोलेनं हा नियम मांडणाऱ्या प्रूस्तपुढे ठेवला होता, त्यामुळे तुम्ही एकटे नाही.

आता मूस. आकडा कोणत्या बाजूला चुकलाय ते बघा. ऑक्सिजन ०.२४ हवा होता, ०.२० आला. काटा ०.०१ पर्यंत दाखवणारा असेल तर दोन वजनांच्या वजाबाकीत फार तर ०.०२ चा घोळ होतो. बाकीचं बहुतेक धुरात गेलं. झाकण उघडल्यावर निघणारा पांढरा धूर म्हणजे तुमचं ऑक्साइडच. दर दोनेक मिनिटांनी चिमट्यानं झाकण जेमतेम फटीएवढं उचलायचं आणि धूर दिसताच टेकवायचं.

झाकण फारच बंद ठेवलं तर दुसरी पंचाईत. आतला ऑक्सिजन संपतो आणि तापलेलं मॅग्नेशियम नायट्रोजन धरतं. ७३ ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्सिजन घेतं ४८ ग्रॅम, नायट्रोजन मात्र २८ च. तुमच्या फितीचा दहावा हिस्सा नायट्रोजनकडे वळला तरी ०.०१ ग्रॅम कमी भरतं. म्हणून जळून थंड झाल्यावर डिस्टिल्ड वॉटरचे चार-पाच थेंब टाका. अमोनियाचा वास आला, ओला लाल लिटमस निळा झाला, की समजा नायट्राइड (मॅग्नेशियम-नायट्रोजनचं संयुग) होतं. मग आधी मंद आचेवर, नाहीतर शिंतोडे उडतील, आणि शेवटी मूस लालबुंद होईतो तापवा. दोन वजनं सारखी येईपर्यंत तापवणं-तोलणं चालू ठेवा.

फीत पॉलिशपेपरनं घासली होती का? जुना थर मॅग्नेशियम म्हणून तोलला गेला तर वाढ कमीच दिसणार. बडोद्याच्या जुलैत रिकामी मूसही ओल धरते. ती आधी तापवून, थंड करून मग तोला. गरम मूस काट्यावर हलकी भरते.

आणि एका आकड्यावर निकाल नको. ०.२०, ०.३०, ०.४० ग्रॅम घेऊन आलेख काढा. वजन वाढवणाऱ्या चुकाही असतात: पाणी पुरतं न उडणं, पिवळ्या ज्योतीची मुशीच्या बुडाला बसलेली काजळी. त्यामुळे ३:२ अगदी हुबेहूब आलं, तर आधी मुशीचं बूड बघा.