भाईच्या फ्लेक्सवर पोराचा फोटो : ताईंना उत्तर

ताई, राग कळला. पुण्यात हडपसरला धुणीभांडी करून रात्री घरी पोचणाऱ्या बाईने पोरावर लक्ष कधी ठेवायचं, कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या पोरांची कोयता गँग आवरणं पोलिसांचं काम, पोरावर लक्ष ठेवा म्हणून आईबापाला कशाला शिकवताय, असं तुमचं म्हणणं. पोलिसांचं काम आहेच हो, पण ते येतात कोयता निघाल्यावर नाहीतर सोसायटीतल्या गाड्या फुटल्यावर, आणि पोरगं त्याच्या कितीतरी आधी गल्लीतल्या गुंड भाईच्या बिर्याणीच्या पार्टीला जायला लागलेलं असतं.

आमच्या चौकात एका भाईच्या बर्थडेचा फ्लेक्स लागलेला, वर गॉगलवाला भाई, खाली शुभेच्छुक म्हणून पोरांचे छोटे छोटे फोटो, त्यात ओळखीतला दहावीचा एक मुलगा. त्याची आई कौतुकाने दाखवत होती, आता सगळे ओळखतात म्हणे त्याला! आता असा फोटो काय फुकट लागतो का. आधी भाईकडून गाडीत पेट्रोल, मग एखादा जुना मोबाईल, मग एक दिवस "हे सामान आजची रात्र तुझ्याकडे ठेव". घरात नवीन काय आलं आणि पैसे कोणी दिले एवढं विचारायला कामावरची सुट्टी लागत नाही. फक्त मारून विचारू नका, बापाने पट्टा काढून रात्री घराबाहेर हाकललं तर पोरगं झोपायला जाणार कुठे? भाईकडेच ना.

अन् भाईला अल्पवयीनच का लागतात, तर त्याला कायदा पाठ असतो, अठराच्या आतल्याला बाल न्याय मंडळापुढे नेतात, सहसा जास्तीत जास्त ३ वर्षं सुधारगृह. पण २०१५ च्या त्याच बाल न्याय कायद्यातलं पुढचं तो पोरांना सांगत नाही. सोळा पूर्ण झालेल्याने खून केला तर मंडळ पडताळणी करून केस मोठ्यांसारखी चालवायला पाठवू शकतं. आणि कलम ८३ प्रमाणे पोरांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या मोठ्या माणसाला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख दंड आहे. म्हणजे तक्रार पोराविरुद्ध नाही, भाईविरुद्ध करता येते. एकटीने जायची भीती वाटणारच, भाई त्याच गल्लीत राहतो, म्हणून त्या फ्लेक्सवरच्या चार पोरांच्या आया मिळून जा, किंवा आधी १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.

पोराला मामाकडे गावाला पाठवते म्हणालात, पाठवा, पण मोबाईल बरोबर दिलात तर भाईचा फोन तिथेही लागतो.