कंबर-गुडघे आणि "पूर्ण आराम"वाला फॉरवर्ड

राजेंद्र नगर काय नि रामबाग काय, इंदूरच्या सगळ्या मराठी ग्रुपांवर तो मेसेज फिरतोय, "जुनं कंबर-गुडघ्याचं दुखणं? पलंगावर पूर्ण आराम, पट्टा बांधा, दुखलं की गोळी, घरी फिजिओ-नर्स बोलावणं म्हणजे पैशाचा चुराडा." आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंनी तो वाचून चालणंच बंद केलं, म्हणून लिहितोय.

आधी आराम. काल लचक भरली असेल तर दोन दिवस पडा, कोण नाही म्हणतंय. पण तीन महिन्यांच्या वर चाललेल्या दुखण्यात पडून राहिलं की मांडीचे स्नायू बारीक होतात, सगळा भार गुडघ्यावर येतो, अजून दुखतं, मग माणूस अजून पडतो. आणि या टप्प्यावर दुखतंय म्हणजे आत दर वेळी नवीन काही मोडतंयच असं नसतं, बऱ्याचदा नसाच हळव्या झालेल्या असतात. व्यायामानंतर थोडं ठणकलं तर चालतं, दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल तर व्यायाम कमी करायचा, बंद नाही.

पट्ट्याचं एका ओळीत: डब्ल्यूएचओने २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीवर जी गाईडलाईन काढली त्यात सरसकट पट्टा नको आणि व्यायाम करा असंच आहे.

गोळी! डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मेडिकलवाल्याला विचारून महिनोन्‌महिने खाल्ल्या तर पोटात अल्सर, किडनीवर ताण, बीपी वर, आणि आपल्याकडे साठीनंतर बीपी-शुगर नसलेलं कोण आहे सांगा.

आता पैशाचा चुराडा. महाग आहे, खोटं कशाला बोलू. पण घरी आलेल्या फिजिओला तुमची खुर्ची किती खाली आहे, जिना किती उभा आहे, संडास देशी आहे का हे दिसतं, ते क्लिनिकमध्ये कळत नाही. रोज यायची गरजही नसते, चार-पाच वेळा शिकवून जाईल, पुढे खुर्चीवरून उठ-बस घरचे करून घेतात. नुसती मशीन लावून, मालिश करून निघून जात असेल तर सरळ बदला त्याला. नर्स सगळ्यांना लागत नाही, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस बदलणं, पाठीला जखम होतेय का बघणं, कुठली गोळी कधी दिली ते लिहून ठेवणं, शुगरमुळे पाय बधिर असतील तर गरम पिशवी लावू न देणं, हे काम तिचंच. मात्र काही एजन्सीवाले आयाबाईला नर्स म्हणून पाठवतात, तेव्हा नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मागाच, लाजू नका.

आणि मेसेजमध्ये जे नाहीच ते: कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिर वाटलं, किंवा पायातली ताकद अचानक गेली तर आरामही नको, फिजिओही नको, त्याच दिवशी एमवाय (इंदूरचं मोठं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळच्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा.