बाई गेल्या, वाचली तुमची पेन्शन

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या प्राथमिक शाळेच्या बाई गेल्याचं कळलं, दिवसभर भावपूर्ण श्रद्धांजलीचा आणि हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला आणि दुसऱ्याच दिवशी हिंजवडीत मॅनेजर असलेल्या आमच्या एका वर्गबंधूंनी परत तेच सुरू केलं, मास्तर लोकांना पेन्शन हवी कशाला, आपल्या टॅक्सवर चाललंय सगळं. अरे, दहावं तरी होऊ दे! २०२३च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संप झाला तेव्हापासून हा तापलेलाच आहे. वाद आहे १ नोव्हेंबर २००५ला किंवा त्यानंतर नोकरीला लागलेल्यांचा, बाई त्याच्या कितीतरी आधीच्या, त्यांना जुनी, म्हणजे ठरलेली पेन्शन होतीच. आता त्या गेल्या, त्यांचे यजमान अण्णा आधीच गेलेले, म्हणजे फॅमिली पेन्शनही नाही. वाचले तुझे पैसे, असं मी लिहिलं आणि मग जे व्हायचं ते झालं. तू न्यू जर्सीत बसून अक्कल शिकवू नको वगैरे.

न्यू जर्सीचंच सांगतो मग. माझ्या प्रॉपर्टी टॅक्सचा निम्म्याच्या आसपास वाटा शाळेला जातो, ज्यांना मुलंबाळं नाहीत तो शेजारीही तेवढाच भरतो, कुरकुरतो पण भरतो. इथल्या टीचरनाही रिटायर झाल्यावर ठरलेली पेन्शन मिळते. (राज्याने त्या फंडात वर्षानुवर्षं पुरेसे पैसे भरलेच नाहीत आणि २०११ पासून पेन्शनमधली महागाईची वाढ बंद आहे, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. त्याच्या हातात कशाला कोलीत द्या.)

तो म्हणतो निम्मे मास्तर बायकोच्या नावावर एलआयसीची एजन्सी चालवतात नाहीतर पतसंस्थेच्या राजकारणात असतात. असतात की, मी कुठे नाही म्हणतोय, आम्हीही एक पाहिलेत. पण ह्याला आणि मला शिकवलं बाईंनी. दोनशिक्षकी शाळा, एका खोलीत पहिली-दुसरी, पहिलीवाल्यांना पाटीवर गिरवायला बसवून दुसरीचे पाढे घ्यायचे, आणि मधेच जनगणना, निवडणूक, नंतर पल्स पोलिओ. पोषण आहाराचे तांदूळ आले तेव्हापासून खिचडीचा हिशोब वेगळाच. अठ्ठावन्नला रिटायर झाल्या तोवर हे चाललं. इथे माझ्या मुलीच्या टीचरची वर्षाच्या सुरुवातीला विश लिस्ट येते, टिश्यूचे डबे, मार्कर, आम्ही टार्गेट नावाच्या दुकानातून आणून देतो. बाई खडू स्वतःच्या पर्समधून आणायच्या आणि कुणाला सांगायच्याही नाहीत.

आता जन्मतारखेचं. माझी शाळेत भरती झाली तेव्हा आई म्हणाली, पोरगा लावणीच्या दिवसांत झाला, बाकी काय आठवत नाय. बाईंनी मला समोर उभं केलं, उजवा हात डोक्यावरून टाकून डावा कान पकडायला लावला, बोटं कानाला टेकली, आणि त्यांनी जनरल रजिस्टरात माझ्या नावापुढे १ जून लिहिलं. लावणी जुलैत असते हे त्यांना कळत नव्हतं का? पण जूनमध्ये सहा पुरे दाखवले की वर्ष वाया जात नाही. ग्रुपमध्ये आमच्या बॅचचे किती जण १ जूनला बड्डे बॉय असतात ते बघा, तो हिंजवडीवालाही त्यातलाच. आज माझ्या पासपोर्टवर, ग्रीन कार्डवर, ड्रायव्हिंग लायसन्सवर तीच तारीख आहे, १ जूनला डेंटिस्टचा हॅपी बर्थडे ईमेल येतो आणि मला दरवेळी बाई आठवतात. आणि इथली शिकलीसवरलेली मंडळी पोरगा वर्गात मोठा दिसावा म्हणून किंडरगार्टनला मुद्दाम एक वर्ष उशिरा घालतात.

बाईंच्या शाळेचा पट आता एक आकडी आहे. वीसच्या आत पट असलेल्या शाळा २०२३मध्ये राज्यात १४ हजारांच्या वर होत्या आणि अशा शाळा बंद करून त्यांची मिळून एक समूह शाळा काढायचं मधेमधे उठतं, शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं असूनही. ह्यावर मी जाम भांडलो ग्रुपवर. तेव्हा हिंजवडीवाल्याने शांतपणे विचारलं, तुझी मुलं कुठल्या शाळेत आहेत रे? आता काय बोलणार. आमचं आख्खं संगमेश्वर मुंबईला गेलं, मुंबईची पुढची पिढी पुण्याला आणि माझ्यासारखे इकडे, पट काय आभाळातून वाढणार होता? शाळा वाचवा म्हणणारा मी, आणि घर घेताना पहिलं बघितलं ते स्कूल डिस्ट्रिक्टचं रेटिंग. कुणी विचारलं कुठला, तर मी अजून गावाचंच नाव सांगतो, पण रेशनकार्डावरचं नाव केव्हाच कमी केलंय.

हे सगळं मान्य. तरीही बाईंच्या पेन्शनवर त्याने बोलायचं नाही, त्याला वजाबाकीतला हातचा त्यांनीच शिकवलाय.

सध्या ग्रुपवर असं ठरलंय की परदेशात राहणाऱ्यांनी गावच्या विषयात तोंड घालू नये. ठीक आहे. शाळेत बाईंचा फोटो लावायचा आहे, त्याच्या वर्गणीचा मेसेज मात्र पहिला मलाच आला, तोही डॉलरचा आजचा रेट बघून.