वांगावर लाइट मारून घेण्याआधी

माझ्या डाव्या गालावर, जबड्याच्या हाडाजवळ अजून एक काळसर पट्टा आहे. काडेपेटीची काडी घासायची बाजू असते ना, बरोबर तेवढा. दोन वर्षांपूर्वी असे सात होते.

दुसऱ्या बाळंतपणानंतर मला वांग आलं. जायफळ उगाळून झालं, मैत्रिणीने सांगितलेलं क्रीम झालं. शेवटी घराजवळच्या एका ब्युटी क्लिनिकमध्ये सहा सिटिंगचं पॅकेज घेतलं. महिना एप्रिल. गार जेल, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि रबर बँड ताणून सोडल्यासारखा एकेक फटका. दुसऱ्या सिटिंगला पॉवर वाढवली. "थोडं जळजळेल मॅडम, म्हणजे काम होऊन राहिलं." रात्रभर मी कूलरसमोर तोंड धरून बसले होते. आठवड्याने खपल्या गळाल्या आणि खाली हे शिक्के. मशीनचं तोंड लांबट चौकोनी असतं, त्याच मापाचे. सासूबाईंनी पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "काऊन केलं व माय हे?"

सगळे त्याला लेझर म्हणतात, पण ते होतं आयपीएल, म्हणजे इंटेन्स पल्स्ड लाइट. लेझरमध्ये एकाच तरंगलांबीचा प्रकाश असतो. आयपीएलमध्ये साधारण 500 ते 1200 नॅनोमीटरपर्यंतचा सगळा झोत एकदम येतो आणि फिल्टर लावून तो गाळावा लागतो. दोन्हींचं तत्त्व एकच. त्वचेतला रंग, म्हणजे मेलॅनिन, प्रकाश शोषतो आणि तापतो. नको असलेला डाग किंवा केसाचं मूळ त्या उष्णतेने जळावं, अशी अपेक्षा. पण प्रकाशाला डाग कोणता आणि आपली चांगली कातडी कोणती हे कळत नाही, त्याला फक्त रंग कळतो. आणि रंग तर आपल्या सगळ्या कातडीतच आहे! गोऱ्या कातडीला चालणारी पॉवर आपल्याला भाजते. म्हणून आधी कानामागे किंवा जबड्याखाली छोटा टेस्ट पॅच करून काही दिवस थांबायचं असतं. माझा कुणी केला नाही.

कुणी काही विचारलंही नाही, याचा मला जास्त राग आहे. उन्हात किती फिरता? कोणत्या गोळ्या चालू आहेत? चेहऱ्याला काय लावता? मी रोज दुपारी स्कूटीवर स्कार्फ बांधून मुलांना शाळेतून आणत होते. तापलेल्या, रापलेल्या चेहऱ्यावर लाइट मारायचाच नसतो. पण आपल्याकडे पॅकेजची ऑफर भर उन्हाळ्यात, नवतपा तोंडावर असताना येते.

शेवटी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, स्किन ओपीडीत गेले. डॉक्टर मॅडमनी आधी क्रीमची ट्यूब मागितली. त्यात स्टेरॉइड होतं, त्याने कातडी आधीच पातळ झालेली. मग गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल विचारलं, कारण वांगाचा हार्मोन्सशी संबंध असतो. वांग उष्णतेनेही चेततं, त्यामुळे लाइटने ते कधीकधी आधीपेक्षा गडद होऊन परत येतं, हेही पहिल्यांदा त्यांच्याकडूनच कळलं. त्यांनी कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन दिलं. त्यात आयर्न ऑक्साइड असतं. वांग डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या उजेडानेही वाढतं आणि पांढरं सनस्क्रीन तो उजेड फारसा अडवत नाही. शिक्के फिके व्हायला वर्ष गेलं.

या मशिनींच्या मी विरोधात नाही. माझ्या भाचीला पीसीओएसमुळे, म्हणजे हार्मोन्स बिघडून होणाऱ्या पाळीच्या त्रासामुळे, हनुवटीवर दाट केस यायचे. कॉलेजात ती हाताने हनुवटी झाकून बोलायची. तिने त्वचारोगतज्ज्ञाकडे 1064 नॅनोमीटरचं लेझर घेतलं. हा प्रकाश वरच्या थरात कमी शोषला जातो आणि खोल जातो, म्हणून सावळ्या कातडीला त्यातल्या त्यात सुरक्षित. डॉक्टरांनी तिला सुरुवातीलाच सांगितलं होतं की केस कायमचे जाणार नाहीत, कमी होतील, आणि हार्मोन्सचे उपचार सोबत लागतील. आता ती हात खाली ठेवून बोलते. मावशी म्हणून मला याचं किती बरं वाटतं, ते शब्दांत सांगता येणार नाही.

म्हणून पोरींनो, पैसे भरण्याआधी विचारा: हे मशीन कोणतं, हे वांगच आहे हे कुणी ठरवलं, आणि भाजलं तर इथे डॉक्टर कोण आहे. उत्तराऐवजी डिस्काउंट ऐकू आलं तर उठून या.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं दिवाळीनंतर लग्न आहे. काल तिने मला पॅकेजचा फोटो दाखवला. सोमवारी सकाळी मी तिला मेडिकलला घेऊन जाते आहे. अजून कुणाला यायचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, चिठ्ठीच्या लायनीत लवकर उभं राहावं लागतं.