हॉर्नबी रोडच्या कमानी आणि तो फॉरवर्ड

भाच्याच्या शाळेच्या प्रकल्पवहीत वाचलं: ‘डी. एन. रोड (दादाभाई नौरोजी रोड) गव्हर्नर हॉर्नबीने बांधून मुंबईला दिला. कमानींखालून फक्त गोऱ्यांना चालता येई. फ्लोरा फाउंटन राणीने भेट दिलं. दादाभाईंचं नाव उगाच चिकटवलं.’ कुठून घेतलंस, विचारलं तर आईच्या व्हॉट्सॲपवरून. हाच मेसेज मलाही दोनदा आलाय. आता मात्र पुरे झालं.

हॉर्नबी १७७१ ते १७८४ गव्हर्नर होता. मुंबईच्या किल्ल्याचा तट पडला तो १८६०च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात, आणि हा रुंद रस्ता झाला त्यानंतर. हॉर्नबीचं नाव आधी या रस्त्याला दिलं होतं, एवढंच.

कमानींचं वाचून डोकंच फिरलं. १८९६चा नियम होता की या रस्त्यावरच्या प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी छत असलेली कमानीची वाट सोडायची. म्हणजे ऊन-पावसात चालणाऱ्याला आडोसा. कातडीचा रंग आला कुठून यात? इथेच पारशांची अग्यारी आहे, पारशी दानशूर जीजीभाईंच्या संस्थेची इमारत आहे. ते काय स्वतःच्याच दारात चोरून जात होते? जुलैत छत्री मिटून बोरीबंदरपासून फाउंटनकडे चालून बघा. एक कमान टोकदार, पुढची गोल, पायाखालची फरशी बदलते, मध्येच एखादी पायरी लागते. ज्याने त्याने आपापली इमारत बांधली, पण वाट सलग राहिली.

नियम इंग्रज सरकारचा होता आणि चांगला होता, हे मान्य करावंच लागेल. पण दगड कोरणारे हात बघा. याच रस्त्याच्या टोकाला, १८८८ साली पुऱ्या झालेल्या व्हीटी स्टेशनवरच्या (बोरीबंदर, आताचं सीएसएमटी) कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे.

फाउंटन १८६४चं. खर्च सुमारे ४७,००० रुपये, त्यातले २०,००० कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांनी दिले. राणीचा संबंध नाही.

राहिले दादाभाई. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेला, १८९२ साली फिन्सबरीतून ब्रिटिश संसदेत निवडून गेलेला हा माणूस. हिंदुस्थानातून दरवर्षी किती पैसा इंग्लंडला वाहून जातो, याचा हिशेब त्यांनी आकड्यांनिशी मांडला. साहेबाने रस्ता फुकट दिला असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी तो हिशेब वाचावा.

भाच्याने ते पान फाडलंय. शनिवारी त्याला घेऊन बोरीबंदरला उतरणार आहे, वही बरोबर असेल.