प्रेरणा आधी की प्रश्न आधी?

आम्हा मित्रांच्या कट्ट्यावर, प्रेरणा येते कुठून, या वादाला तोंड फुटले ते डिझायनर मैत्रिणीच्या एका साध्या तक्रारीने. एका पुस्तकाचे मुखपृष्ठ तिच्याकडे अडकून पडले होते आणि काहीतरी प्रेरणादायी पाहायला मिळाल्याखेरीज ते पुढे सरकणार नाही, असे तिचे म्हणणे होते. आमच्यातल्या वकिलाने ते वाक्य खाली पडू दिले नाही. "पाहण्याने काम होणार असते तर एव्हाना तुझे मुखपृष्ठ छापून झाले असते; तू दिवसभर दुसरे काय करतेस?" असे तो म्हणाला. एरवी वकिलाच्या विरुद्ध बोलण्याची एकही संधी न सोडणारा कविमित्र या वेळी दोघांच्याही विरुद्ध उभा राहिला. त्याच्या मते प्रेरणा शोधणे हा प्रकारच चुकीचा आहे; ती यायची तेव्हा येते, आणि ती आली आहे एवढे ओळखणेच काय ते माणसाच्या हाती असते.

आपल्या बाजूने त्याने दोन स्वप्ने साक्षीला आणली. केकुले या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला शेकोटीसमोर डुलकी लागली असताना स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप दिसला आणि त्यावरून बेंझिनच्या रेणूची वर्तुळाकार रचना सुचली, हे पहिले. आणि नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन तुकोबांना कवित्वाचे काम नेमून दिले, हे दुसरे.

पहिल्या साक्षीची उलटतपासणी अर्थातच वकिलाने घेतली. बेंझिनच्या रचनेवरचा केकुलेचा निबंध १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि सापाची हकिगत त्याने जाहीरपणे सांगितली ती १८९० मध्ये, त्या शोधाच्या पंचविसाव्या वर्षी बर्लिनमध्ये भरलेल्या गौरवसमारंभात. "पंचवीस वर्षांनी, स्वतःच्याच सत्काराच्या भाषणात दिलेली साक्ष कोर्टात किती टिकेल, हे मी सांगायला नको," असे तो म्हणाला. तरीही स्वप्न खरे धरले, तर कार्बनचे अणू एकमेकांना जोडून साखळ्या तयार होतात हे मांडणाऱ्यांत केकुले स्वतःच १८५८ मध्ये आघाडीवर होता, हे विसरता येत नाही. आयुष्यभर साखळ्यांचाच विचार करणाऱ्या माणसाला स्वप्नात साखळीची दोन टोके जुळलेली दिसावीत, यात अद्भुत काही नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. मला तो पटला. प्रेरणेच्या बहुतेक गोष्टी यश मिळाल्यानंतर सांगितल्या जातात; ज्यांना साप दिसला आणि पुढे काहीच घडले नाही, त्यांची हकिगत ऐकायला समारंभ भरत नाहीत.

तुकोबांच्या बाबतीत मात्र वकील गप्प राहिला आणि मास्तर बोलू लागले. मास्तर निवृत्त गणित शिक्षक असले तरी गाथा त्यांना तोंडपाठ आहे. स्वप्नाचा अभंग खराच, पण तुकोबांनी स्वतःची जीवनकथा सांगितलेला जो दुसरा अभंग आहे त्यातला क्रम पाहावा, असे ते म्हणाले. तिथे तुकोबा सांगतात, की आरंभी अभ्यासाकडे चित्त नव्हते. मग संतांची वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली. कीर्तनात जे पुढे गात असत त्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले. स्वप्नातला गुरूचा उपदेश त्यानंतर येतो, आणि कवित्वाची स्फूर्ती त्याच्याही नंतर. "आधी दुसऱ्यांचे शब्द घोकले, मग दुसऱ्यांच्या सुरात सूर मिसळला, आणि मग स्वतःचे शब्द आले. स्वप्न तेवढे लक्षात ठेवायचे आणि धृपद विसरायचे, हा ऐकणाऱ्यांचा आळस आहे," असे मास्तर म्हणाले.

कविमित्राने यावर दिलेले उत्तर मला अजून खोडता आलेले नाही. तो म्हणाला, "मास्तर, धृपद हजारोंनी धरले आणि पाठांतर त्याहून जास्त लोकांनी केले. तुकोबा एकच झाले. तुमच्या हिशेबात त्या फरकाला रकाना कुठे आहे?" मास्तरांनी तसा रकाना नसल्याचे मान्य केले, पण तयारीने प्रेरणा हमखास येते असे आपण म्हटलेच नव्हते, तयारीवाचून आलेल्या प्रेरणेचा उपयोग होत नाही एवढेच आपले म्हणणे आहे, असे ते म्हणाले. मग त्यांनी त्यांचे आवडते उदाहरण काढले. आंरी प्वांकारे हा फ्रेंच गणिती एका विशिष्ट प्रकारची फलने (गणितातली फंक्शन्स) असूच शकत नाहीत, हे सिद्ध करण्यासाठी पंधरा दिवस झटत होता. एका रात्री सवय नसताना काळी कॉफी पिऊन जागत असता त्याला आपले म्हणणे उलट असल्याचे, म्हणजे ती फलने असतात, हे उमगले. पुढे एका सहलीत, कुतांस गावी, गाडीच्या पायरीवर पाऊल ठेवता ठेवता, त्या फलनांचा भूमितीशी असलेला संबंध त्याला अचानक दिसला. त्याने चालू असलेले बोलणेही थांबवले नाही. घरी आल्यावर सवडीने पडताळून पाहिले. हे सारे त्याने १९०८ मध्ये पॅरिसच्या मानसशास्त्रीय संस्थेपुढे सांगितले आणि अशा अचानक सुचण्याच्या आधी आणि नंतर जाणीवपूर्वक केलेले काम नसेल तर त्यातून काही निष्पन्न होत नाही, अशी पुस्तीही जोडली.

"म्हणजे मी सहलीला जावे?" डिझायनर म्हणाली. या प्रश्नाने चर्चा थोडा वेळ चालण्याफिरण्याकडे वळली. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत, बसून विचार करण्यापेक्षा चालताना माणसांना अधिक आणि वेगळ्या कल्पना सुचल्या. आणि गंमत म्हणजे कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही तो फायदा झाला. एकच नेमके उत्तर शोधण्याच्या कामात मात्र चालण्याचा उपयोग झाला नाही, उलट किंचित तोटाच झाला. म्हणजे डोंगर-समुद्र हवेतच असे नाही, एवढे म्हणून आम्ही तो विषय सोडला.

माझे स्वतःचे म्हणणे मी त्यानंतर मांडले, आणि ते या सगळ्यांपेक्षा थोडे वेगळे आहे. प्रेरणेचा स्रोत असा जगात कुठे ठेवलेला नसतो. आपल्यापाशी एखादा अडलेला प्रश्न असला, की समोर येईल ती गोष्ट स्रोत बनू लागते, आणि तो नसला, की जगातले सर्वोत्तम चित्रही केवळ सुंदर राहते. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते असे सांगणारा इंग्लिश अर्थतज्ज्ञ माल्थसचा निबंध १७९८ पासून लोक वाचत होते. त्यावर वादही झाले आणि राज्यकर्त्यांची धोरणेही बदलली. १८३८ मध्ये तो डार्विनने वाचला, तोही त्याच्याच सांगण्यानुसार करमणूक म्हणून. पण त्याआधी सव्वा वर्ष तो सजीवांच्या जाती कशा बदलतात या एकाच प्रश्नाच्या मागे लागून वह्या भरत होता, म्हणून त्या निबंधात त्याला माणसांची लोकसंख्या न दिसता सगळ्या सजीवांची झुंज दिसली. पुढे वीस वर्षांनी, १८५८ मध्ये, मलय द्वीपसमूहात तापाने अंथरुणाला खिळलेल्या आल्फ्रेड वॉलेस या निसर्गअभ्यासकाला कधीकाळी वाचलेला हाच निबंध आठवला आणि तोही त्याच उत्तरापाशी, म्हणजे नैसर्गिक निवडीच्या कल्पनेपाशी, पोहोचला, कारण त्याच्याही डोक्यात तोच प्रश्न घोळत होता. एकच मजकूर, असंख्य वाचक, आणि त्यांतल्या ज्या दोघांचा प्रश्न एक होता त्यांना एकच उत्तर, याला मी योगायोग म्हणायला तयार नाही.

कविमित्राने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. "शास्त्रज्ञांचे ठीक आहे, त्यांना प्रश्न असतात. कवितेला प्रश्न कुठे असतो?" असे तो म्हणाला. यावर मी काही बोलण्याआधीच वकिलाने डिझायनरकडे तिचा फोन मागितला.

तिच्या फोनमध्ये आवडलेल्या मुखपृष्ठांचा, फलकांचा आणि जुन्या छपाईच्या नमुन्यांचा एक भलामोठा संग्रह आहे. वकिलाने तो अंगठ्याने वर सरकवत एका मुखपृष्ठापाशी थांबवला आणि विचारले, "हे का ठेवलेस?" ती म्हणाली, "छान आहे म्हणून." तो म्हणाला, "छान आहे हे कारण झाले नाही. त्यात नेमके काय छान आहे?" ती बराच वेळ पाहत राहिली. आधी रंग म्हणाली, मग नाही म्हणाली, कारण तोच रंग खालच्या तीन चित्रांत असूनही ती तिला तितकीशी भावत नव्हती. मग तिने चित्र मोठे केले आणि शिरोरेषेच्या वर सोडलेल्या जागेवर बोट ठेवले. शीर्षकाच्या वेलांट्या आणि मात्रा त्या मोकळ्या जागेत ऐसपैस पसरल्या होत्या, आणि खाली लेखकाचे नाव मुद्दाम दाटीने बसवले होते. आपल्या मुखपृष्ठावर आपण नेमके उलट केले आहे, शीर्षक वरच्या कडेला चिकटवून खाली पान रिकामे ठेवले आहे, हे सांगताना तिचा आवाज बदलला होता. हे चित्र तिच्याकडे कित्येक महिने पडून होते आणि तोवर त्याचा तिला काडीचाही उपयोग झाला नव्हता.

मला वाटते, जमवणे आणि वापरणे यांतले अंतर इथे आहे. जपून ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीशेजारी ती का आवडली याचे एक वाक्य लिहिले, तर निम्मा संग्रह आपोआप गळून पडेल, कारण निम्म्या वस्तूंसाठी ते वाक्य सुचणारच नाही. लिओनार्दोने चित्रकारांना डागाळलेल्या भिंतींकडे टक लावून पाहायला सांगितले होते, कारण त्या डागांत डोंगर, लढाया आणि चेहरे दिसू लागतात. पण असे डाग कल्पना पुरवत असले तरी चित्रातला एकही तपशील पूर्ण कसा करायचा हे ते शिकवत नाहीत, हेही त्यानेच बजावले आहे. या इशाऱ्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

इतका वेळ ऐकत बसलेला अनुवादक मित्र तेव्हा बोलला, आणि चर्चेतला सर्वांत अवघड मुद्दा त्याचाच होता. तो पूर्वी कथा लिहीत असे. "तुमचे सगळे खरे आहे, पण ज्याचा प्रश्नच आटला आहे त्याने काय करायचे? मला काही अडलेले नाही. मला लिहावेसेच वाटत नाही," असे तो म्हणाला. मास्तरांनी आधी त्याच्या झोपेची आणि भुकेची चौकशी केली, कारण सगळ्याच गोष्टींतले मन उडाले असेल तर ते कट्ट्यावर सुटणारे कोडे नसून डॉक्टरांना दाखवण्याची बाब आहे. तसे काही नाही, दुसऱ्यांचे लेखन मराठीत आणताना आपण रमतो, असे त्याने सांगितले.

मग डिझायनरनेच त्याला चित्रकार व्हॅन गॉगची आठवण करून दिली. १८८९ मध्ये फ्रान्समधल्या सेंट रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाल्यावर त्याला बाहेर जाणे आणि समोर बसवायला माणसे मिळणे कठीण झाले होते. तेव्हा भावाकडून आलेली मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांची काळी-पांढरी छापील प्रतिरूपे समोर ठेवून त्याने त्यांची रंगीत चित्रे केली, थोडीथोडकी नव्हेत तर वीसच्या आसपास. रेषा मिलेच्या होत्या. रंग मात्र त्याला स्वतःच ठरवावे लागले, कारण मूळ प्रतीत ते नव्हतेच. दुसऱ्याची रचना आपल्या पद्धतीने वाजवणाऱ्या वादकासारखे हे काम आहे, अशी त्याची भूमिका होती. स्वतःचा प्रश्न नसेल तेव्हा दुसऱ्याचा प्रश्न उसना घ्यावा, आणि मूळ कृतीत जी गोष्ट नाही ती भरताना आपला प्रश्न सापडतो का ते पाहावे, असे ती म्हणाली. अनुवादक म्हणाला, की वाक्य मराठीत बसवताना मूळ लेखकाने न सांगितलेले बरेच काही त्याला रोजच ठरवावे लागते. ते कागदाच्या कडेला लिहून ठेवायचे मात्र त्याला कधी सुचले नव्हते.

वकिलाला इथे कायदा आठवणे अटळ होते. कल्पनेवर कोणाची मालकी नसते, कॉपीराइट असतो तो तिच्या प्रत्यक्ष मांडणीवर. म्हणून मोकळी जागा वर सोडण्याची युक्ती कोणीही वापरावी, पण तीच अक्षरे तशीच उचलली तर नोटीस येईल, असे त्याने डिझायनरला बजावले. कविमित्र म्हणाला, की एकाच माणसाकडून घेतले तर चोरी दिसते आणि अनेकांकडून घेतले तर शैली म्हणतात, हे त्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यावर हशा पिकला, पण मास्तरांनी तो लवकर आवरला, कारण कविमित्राच्या मघाच्या प्रश्नाचे उत्तर अजून द्यायचे राहिले होते.

मास्तर म्हणाले, की डार्विनलाही प्रश्न आपोआप पडला नव्हता. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवरचे पक्षी त्याने जमा केले खरे, पण त्यांतल्या फिंच पक्ष्यांवर कोणता कोणत्या बेटावरचा याची चिठ्ठीदेखील त्याने नीट लावली नव्हती. परतल्यावर, १८३७ मध्ये, जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने ते नमुने तपासून या वेगवेगळ्या जाती आहेत असे सांगितले, आणि त्याच वर्षी जुलैत डार्विनने जाती कशा बदलतात याची पहिली वही उघडली. आपल्या पेटीत काय आहे हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागले. म्हणून कविता सुचत नसेल तर फिरायला जाण्याआधी जुन्या कवितांची वही दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्यावी, असा त्यांचा सल्ला होता.

कविमित्राला हे अर्धेच मान्य झाले. वही तो देईल, पण पक्षितज्ज्ञाला नाही आणि वकिलाला तर मुळीच नाही, असे त्याने स्पष्ट केले. आणि चुका काढणारा वाचक हवा की नुसता काय दिसले ते सांगणारा, यावरून मास्तरांशी त्याचा नवा वाद सुरू झाला.