एकहाती, कमी वापर

तारकर्लीला आलेला पर्यटक लाइफ जॅकेटचे पट्टे आवळता आवळता हमखास विचारतो, "काका, हे इंजिन किती वर्षं चालतं हो?" मी "चालवाल तितकी" म्हणतो आणि दोरी ओढतो. पर्यटकाला वाटतं काका टोलवतायत.

खरं म्हणजे आउटबोर्डचं, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनाचं, आयुष्य वर्षांत नाही, तासांत मोजतात. हौसेच्या बोटीवरचं इंजिन साधारण 1500 तास धरतात. सांभाळलं तर त्याहून पुष्कळ जास्त. वर्षाला 50 ते 100 तास फिरणाऱ्या हौशी माणसाची त्यात 15-20 वर्षं सहज निघतात. रोज समुद्रात जाणाऱ्या मच्छीमाराचे तेवढे तास एक-दोन हंगामांतच भरतात.

हे गणित मी एकदा भाईला ऐकवलं आणि तिथून माझे भोग सुरू झाले.

भाई म्हणजे माझा चुलतभाऊ. चाकरमानी. गणपतीत आणि मे महिन्यात गावाला येतो, उरलेलं वर्ष मुंबईतून फोनवर गाव चालवतो. आमचं घर सामायिक, पडवी सामायिक, माडसुद्धा सामायिक. नारळ पाडणाऱ्याची मजुरी तेवढी माझी एकट्याची. तासांचं गणित ऐकून भाई म्हणाला, "म्हणजे वापरलंच नाही तर संपणारच नाही!" पुढच्या खेपेला तो नवंकोरं टू-स्ट्रोक इंजिन घेऊन आला, पडवीत माझ्या इंजिनाशेजारी घोडीवर टांगलं, वर त्याच्या आईची जुनी नऊवारी पांघरली आणि मला बजावलं, "हात लावू नकोस."

माझ्या इंजिनाला मात्र रोज हात लावावा लागतो. खाऱ्या पाण्यातून आलं की त्याला गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये उभं करून दहा मिनिटं चालवायचं. कारण त्याला थंड ठेवायला समुद्राचंच पाणी आत खेळत असतं. इंजिन बंद केलं की आतल्या उष्णतेने ते सुकतं, मीठ मागे राहतं आणि हळूहळू पाण्याच्या वाटा बुजतात. एप्रिलमध्ये विहीर तळाला जाते. आम्ही दोन तांब्यांत आंघोळ उरकतो आणि इंजिनाला अख्खा ड्रम. "पुढच्या जन्मी मी आउटबोर्ड होणार," असं बायकोने सगळ्या पाहुण्यांदेखत जाहीर केलेलं आहे.

आमचे मेस्त्री यापुढचे. ते माझी तब्येत कधीच विचारत नाहीत. रस्त्यात भेटले, लग्नाच्या पंगतीत भेटले तरी खणखणीत आवाजात एकच प्रश्न: "पाणी मुतता मां?" इंजिनाच्या मागून एक बारीक धार सतत उडत असते, तिच्याविषयी ही चौकशी. ती धार म्हणजे पंपातला रबरी इंपेलर फिरतोय, पाणी चढतंय याची खूण. धार बारीक झाली की थांबायचं. आणि इंपेलर, दिसायला ठीक असला तरी, वर्षा-दोन वर्षांनी बदलून टाकायचा.

शिवाय इंजिनाच्या पाण्यात बुडणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पायाला जस्ताचा तुकडा लावलेला असतो, त्याला अॅनोड म्हणतात. खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम खाल्लं जाऊ नये म्हणून तो आधी स्वतःला खायला देतो. घरातला थोरला भाऊच तो. झिजून अर्धा झाला की बदलायचा, आणि त्याला रंग कधीच फासायचा नाही, कारण रंगाखाली तो झिजत नाही आणि मग पाय झिजतो. भाईने नारळी पौर्णिमेच्या फोटोसाठी भाच्याकरवी स्वतःच्या इंजिनाचा अॅनोड चंदेरी ऑइलपेंटने रंगवून घेतला. मी बोललो, तर भाई म्हणाला, "तुला शोभेची दृष्टीच नाही."

त्याच गणपतीत आरतीला जमलेल्या मंडळींना आवाज ऐकवायला त्याने ते इंजिन पडवीतच सुरू केलं. ड्रम नाही, पाणी नाही. कोरडा इंपेलर जळायला फार वेळ लागत नाही. निळ्या धुरात आरती दोन कडवी आधीच संपली, मोदकांना मे महिन्यापर्यंत पुरेल एवढा पेट्रोलचा वास लागला आणि भाई म्हणाला, "ऐकलंस? काय ठोका आहे!" मग टाकीतलं पेट्रोल तसंच ठेवून तो मुंबईला गेला. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आमच्या किनाऱ्यावर ओढायला हवा तशी भरपूर ओली असते.

मे महिन्यात भाई सहकुटुंब सिंधुदुर्ग किल्ल्याला स्वतःच्या बोटीने निघाला. दोरी ओढून ओढून त्याचा खांदा उतरला. मेस्त्रींनी कार्ब्युरेटर उघडला, तर आत डिंकासारखा थर. खालचा स्क्रू सोडला, तर गिअर ऑइल दुधाळ, म्हणजे पाणी शिरलेलं. पंखा काढल्यावर दांड्याला तंगुसाचे वेढे सापडले. मागच्या खेपेला गरीने मासे धरताना गुंडाळलेले. त्याच तंगुसाने सील कापलं होतं. पाणी तेव्हापासून आत बसून होतं.

मेस्त्री हात पुसत म्हणाले, "वापरून मेलेला इंजन मी जिता करीन. बसान मेलेल्याक काय करू?"

"वॉरंटी आहे ना?" भाईने मला विचारलं. जणू ती मी दिली होती.

मग भाईने जाहिरात टाकली: एकहाती, कमी वापर, पडवीत ठेवलेलं. गिऱ्हाइकं अर्थात माझ्याकडे. देवगडचा एक मच्छीमार आला. त्याने नऊवारी बाजूला सारली, अॅनोड पाहिला, चंदेरी रंगावरून नख फिरवलं आणि माझ्या खरवडलेल्या, पोपडे उडालेल्या इंजिनाकडे वळला. न विचारता दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला ते लागलं.

"ह्यां नको," तो म्हणाला. "तां देतलास तर बोला." आणि खरंच चांगला भाव बोलला.

मी भाईला फोन करून सांगितलं. तिकडे थोडा वेळ शांतता. मग भाई म्हणाला, "हे बघ, तुझं इंजिन इतकी वर्षं टिकलं ते कशामुळे? पडवीत होतं म्हणून. आणि पडवी सामायिक आहे. तेव्हा निम्मे माझ्या खात्यावर टाक."